शिक्षकांची नाराजी आणि मतपेटी

(नभोवाणीवरील भाषण)

नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यास जाम येथें चंद्रपूरचा फांटा फुटतो. शाळा भरण्याच्या आधीं घटकाभर त्या चौरस्त्यावर उभें राहिलें, तर समुद्रपूर तालुक्यांतील शाळामास्तर सहज ओळखूं येतात. कोणी हिंगणघाटाहून, कोणी वर्ध्याहून दुचाकीवर आलेला असतो. हँडलास जेवणाचा डबा, पाठीवर पिशवी, आणि खिशांत मोबाइल. ‘अमुक माहिती आज दुपारपर्यंत पाठवावी’ असा हुकूम त्या मोबाइलवर वाटेंतच येऊन पडलेला असतो. यांतील एक गिरडच्या बाजूस जातो, दुसरा नंदोरीकडे वळतो. एक जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेंत शिकवितो, दुसरा अनुदानित हायस्कुलांत. दोघांच्या तक्रारी पुष्कळ अंशीं सारख्याच. पण मतदानाच्या बाबतींत या दोघांत एक मोठा भेद आहे, आणि तो ध्यानांत घेतल्यावांचून शिक्षकांच्या नाराजीचा निवडणुकीवर काय परिणाम होतो या प्रश्नाचा उलगडा होत नाहीं.

हायस्कुलांतील शिक्षकास लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, पंचायत समिति इत्यादिकांसाठीं चारचौघांप्रमाणें मत आहेच. त्याखेरीज विधान परिषदेच्या नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघांतहि त्याला मत असतें. प्राथमिक शिक्षकाला तें नाहीं. तो पदवीधर असेल व त्यानें नांव नोंदविलें असेल, तर पदवीधर मतदारसंघांत त्याला मत देतां येतें. पण केवळ शिक्षक या नात्यानें त्याला वेगळें असें कोणतेंच मत नाहीं. समुद्रपूरसारख्या तालुक्यांत लहान लहान खेड्यांच्या शाळा बहुधा जिल्हा परिषदेच्या असतात. म्हणजे सरकारी धोरणाचा बरावाईट परिणाम ज्याच्या अंगावर सर्वांआधीं येतो, तोच गुरुजी या खास मतदारसंघाच्या कुंपणाबाहेर उभा राहतो.

हें असें कां झालें? राज्यघटनेच्या १७१ व्या कलमांत विधान परिषदेची घडण सांगितली आहे. परिषदेच्या सभासदांपैकीं बारावा हिस्सा पदवीधरांनीं व बारावा हिस्सा शिक्षकांनीं निवडावा, असें त्यांत आहे. पण शिक्षक कोण? तर माध्यमिक शाळेहून कमी दर्जाच्या नसलेल्या संस्थेंत निदान तीन वर्षें शिकविलेला. हा शब्दप्रयोग घटनेंतलाच असल्यामुळें एखाद्या शासननिर्णयानें तो बदलतां येत नाहीं. महाराष्ट्राच्या परिषदेंत ७८ सभासद आहेत. त्यांपैकीं ३० विधानसभेचे सभासद निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांकडून येतात, १२ राज्यपाल नेमतात, आणि उरलेल्या चौदांपैकीं सात पदवीधरांचे व सात शिक्षकांचे. वर्धा जिल्हा १९५६ च्या १ नोव्हेंबरपूर्वीं मध्यप्रदेशांत होता. त्या राज्यांत विधान परिषद नव्हती, सबब येथील शिक्षकांस असा मतदारसंघहि नव्हता. हा जिल्हा मुंबई राज्यांत आल्यावर, व पुढें १९६० सालीं महाराष्ट्र झाल्यावर, हा अधिकार येथील हायस्कूल-शिक्षकांच्या पदरांत पडला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे सहा जिल्हे मिळून सध्यांचा मतदारसंघ होतो.

या निवडणुकीची रीतहि नेहमींच्या निवडणुकीहून निराळी आहे. मतदारांची यादी आपोआप पुढें चालत नाहीं. प्रत्येक निवडणुकीच्या वेळीं १ नोव्हेंबर ही तारीख धरून ती नव्यानें तयार होते. मागील सहा वर्षांत एकूण तीन वर्षें शिकविल्याचा मुख्याध्यापकाचा दाखला जोडून नमुना क्रमांक १९ चा अर्ज भरावा लागतो. ज्यानें अर्ज भरला नाहीं, त्याची नाराजी कितीहि तीव्र असली तरी ती यादींत उतरत नाहीं. मतदानाच्या दिवशीं यंत्र नसतें, कागदी मतपत्रिका असते. केंद्राध्यक्षानें दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेंच उमेदवारांच्या नांवापुढें १, २, ३ असे पसंतीचे आंकडे घालावयाचे. एकचा आंकडा नसेल, दोघांपुढें एक घातला असेल, बरोबरची खूण केली असेल किंवा सही केली असेल, तर मत बाद होतें. पोरांच्या उत्तरपत्रिकांवर जन्मभर लाल रेघा ओढणाऱ्या मंडळींचीं मतेंहि या कारणांनीं बाद होतात, ही गोष्ट मोजणीच्या टेबलावर हंशाचा विषय होते खरी. पण पेन हातीं आलें कीं सही करण्याची संवय मोठी वाईट!

मोजणींत एकूण वैध मतांना दोननें भागून त्यांत एक मिळविला कीं जो आंकडा येतो, तो विजयाचा कोटा. पहिल्या पसंतीनें तो कोणालाहि मिळाला नाहीं, तर सर्वांत खालच्या उमेदवारास बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरील दुसरी पसंती मोजतात, आणि असें कोटा भरेपर्यंत चालतें. मतदार थोडे, त्यांतले बहुतेक एकमेकांस ओळखणारे, संघटना जुन्या आणि मागण्या नेमक्या. अशा ठिकाणीं एखाद्या प्रश्नावर मन फिरलें तर तें लपून राहत नाहीं.

आतां मन फिरण्याजोगें काय घडलें तें पाहूं.

वर्धा जिल्ह्याला शिक्षणधोरण हा शब्द नवा नाहीं. १९३७ च्या २२ व २३ ऑक्टोबरला वर्ध्यासच महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली होती, आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें मूलोद्योग शिक्षणाची योजना त्यानंतर तयार केली. मातृभाषेंतून सात वर्षें मोफत व सक्तीचें शिक्षण आणि त्याच्या मध्यभागीं एखादा हस्तव्यवसाय, असें तिचें स्वरूप होतें. त्या योजनेवर वाद पुष्कळ झाले. शाळेचा खर्च मुलांच्या श्रमांतून निघावा कीं काय, हा मुख्य वाद. परंतु तिचा सर्व भार शिक्षकावर होता. तो कसा असावा, त्यानें काय करावें, याचीच चर्चा तिच्यांत अधिक होती. अलीकडील धोरणांच्या कागदांत शिक्षक भेटतो तो बहुधा ‘पद’ म्हणून, आणि तें पद मंजूर, रिक्त, अतिरिक्त कीं कंत्राटी याच हिशेबांत. ही माझी समजूत कोणास एकांगी वाटेल. पण शिक्षकांच्या बोलण्यांतील कडवटपणाचें मूळ मला येथेंच दिसतें.

सर्वांत मोठी तक्रार निवृत्तिवेतनाची. महाराष्ट्र सरकारनें १ नोव्हेंबर २००५ रोजीं व त्यानंतर नोकरींत लागलेल्यांस जुनी निवृत्तिवेतन योजना बंद केली व परिभाषित अंशदान योजना लागू केली. तीच पुढें राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेंत मिळविण्यांत आली. जुन्या योजनेंत पूर्ण सेवा झालेल्यास शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम दरमहा मिळे, तिच्यावर महागाई भत्ता मिळे, आणि पश्चात् कुटुंबासहि निवृत्तिवेतन मिळे. त्यासाठीं पगारांतून वर्गणी कापली जात नसे. नव्या योजनेंत पगार व महागाई भत्ता यांच्या दहा टक्के रक्कम कापली जाते, सरकार आपला वांटा घालतें (प्रथम दहा टक्के, पुढें चौदा), ती रक्कम बाजारांत गुंतविली जाते, आणि निवृत्त होतांना साठ टक्क्यांपर्यंत रोख मिळून निदान चाळीस टक्क्यांची वर्षासनाची पॉलिसी घ्यावी लागते.

उदाहरणानें हें स्पष्ट होईल. समजा, शेवटचा मूळ पगार साठ हजार रुपये आहे. जुन्या योजनेंत तीस हजार आणि त्यावर महागाई. नव्या योजनेंत खात्यावर चाळीस लाख सांठले असें धरलें, तर चाळीस टक्के म्हणजे सोळा लाखांचें वर्षासन घ्यावयाचें. द. सा. द. शे. सहा या दरानें त्याचे वर्षाला शहाण्णव हजार, म्हणजे महिन्याला आठ हजार रुपये होतात. हातांत आलेले चोवीस लाख त्याच दरानें ठेवले, तर आणखी बारा हजार. एकूण वीस हजार. त्यांत महागाई वाढली तरी पै वाढत नाहीं. हा हिशेब केवळ समजुतीसाठीं आहे. बाजार चांगला चालला तर रक्कम अधिक होईल, आणि भांडवल वारसांना उरेल, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पण शिक्षक जें हरवलें म्हणतो तें केवळ दहा हजार रुपये नव्हेत. उद्यां किती मिळेल हें आज सांगतां येणें, ही ती वस्तु आहे.

त्यांतून एकाच शिक्षककक्षांत दोन जाती निर्माण झाल्या. ऑक्टोबर २००५ मध्यें रुजू झालेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत रुजू झालेला, दोघे शेजारच्या वर्गांवर शिकवितात, फळ्यावरचा खडूहि एकाच पेटींतला. पण म्हातारपण निराळें. याहून चमत्कारिक स्थिति विनाअनुदानित व अंशतः अनुदानित शाळांतील मंडळींची. त्यांची नेमणूक २००५ पूर्वींची, पण शाळेला शंभर टक्के अनुदान मिळालें तें नंतर. सरकारनें अनुदानाची तारीख धरली, शिक्षकांनीं नेमणुकीची. आणि प्रकरणें न्यायालयांत गेलीं.

अनुदानाचा प्रश्न तर स्वतंत्र पुराण आहे. ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर शाळांना परवानगी देण्यांत आली. पुढें २००९ सालीं त्यांतला ‘कायम’ हा शब्द गाळण्यांत आला, आणि २०१६ सालीं अशा शाळांना वीस टक्के अनुदानाचा पहिला टप्पा देण्याचें ठरलें. मधल्या काळांत कित्येक शिक्षकांनीं दुपारीं शाळा आणि सकाळ-संध्याकाळ दुसऱ्याच्या शेतांत किंवा दुकानांत काम, असा संसार केला. पुढच्या टप्प्यांसाठीं मुंबईच्या आझाद मैदानावर त्यांनीं वेळोवेळीं ठाण मांडलें आहे. जे रीतसर भरतींतून आले त्यांचीहि सुरुवात शिक्षण सेवक या नांवानें तीन वर्षें अल्प मानधनावर होते. प्राथमिक शिक्षण सेवकास दरमहा सहा हजार रुपये मिळत, ते २०२३ सालीं सोळा हजार झाले.

प्राथमिक गुरुजींच्या मनांत सध्यां जो विषय अधिक सलतो, तो पदांचा. दरवर्षीं मुलांच्या पटावरून शाळेंत किती शिक्षक असावेत हें ठरतें, त्याला संचमान्यता म्हणतात. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयानें तिचे निकष बदलले. सहावी ते आठवीचा पट वीसच्या खालीं गेला, तर तेथें नियमित शिक्षकाचें पद मंजूर होऊं नये, असा त्याचा परिणाम होता. त्याच वर्षीं ५ सप्टेंबरला वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांत दोन शिक्षकांपैकीं एक कंत्राटी नेमण्याचा निर्णय निघाला. तारीख पाहावी! शिक्षकदिनाची भेट म्हणून हा कागद शाळांत पोंचला. २५ सप्टेंबरला राज्यभर शिक्षकांनीं सामुदायिक रजा घेऊन मोर्चे काढले, आणि २०२५ मध्यें कंत्राटी शिक्षकांचा तो निर्णय मागें घेण्यांत आला. संचमान्यतेचा वाद मात्र पुढें चालू राहिला.

कापूस, सोयाबीन आणि वायगांवच्या हळदीचा हा तालुका. येथील एखाद्या खेड्यांत सहावी-सातवींत मिळून अठरा मुलें असतील, तर त्यांचा गणिताचा शिक्षक जाणार कीं राहणार, हा प्रश्न त्या शिक्षकाच्या बदलीपुरता राहत नाहीं. तो गेला कीं थोडेबहुत पैसे बाळगणारा पालक मुलाला गाडींत बसवून शहराच्या शाळेंत घालतो, पट आणखी खालीं येतो, आणि राहतात तीं मजुरांचीं मुलें व त्यांतहि मुली. शिक्षकाच्या रागांत स्वतःच्या नोकरीची काळजी आहे हें खरें. तरी त्या रागाचा हा दुसरा पदरहि खोटा नव्हे.

याखेरीज अशैक्षणिक कामें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमानें जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका एवढींच शिक्षणेतर कामें शिक्षकांस सांगतां येतात. मतदारयादीचीं कामें सुटीच्या किंवा शिकविणें नसलेल्या दिवशींच द्यावीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालींच सांगितलें होतें. पण कलम आणि तहसिलींतला हुकूम यांची गांठ नेहमींच पडते असें नाहीं. त्यांत १ सप्टेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निवृत्तीस पांच वर्षांहून अधिक अवधि उरलेल्या, नोकरींत असलेल्या शिक्षकांसहि शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक ठरविली. वीस वर्षें शिकविल्यावर पुन्हां परीक्षेला बसावें लागणार, या धसक्यानें पन्नाशीच्या जवळ आलेले पुष्कळ गुरुजी हवालदिल झाले. हा निवाडा न्यायालयाचा, सरकारचा नव्हे. पण नाराजी अशा बारीक भेदांत शिरत नाहीं.

आतां मतपेटीकडे वळूं. नागपूर शिक्षक मतदारसंघाची निवडणूक ३० जानेवारी २०२३ रोजीं झाली. महाराष्ट्र राज्य शिक्षक परिषदेचे श्री. नागो गाणार यांनीं दोन कार्यकाळ ही जागा सांभाळली होती, व भारतीय जनता पक्षाचा त्यांना पाठिंबा होता. समोर विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे श्री. सुधाकर अडबाले, महाविकास आघाडीनें पाठिंबा दिलेले. निवडणुकीच्या थोडेंच आधीं, डिसेंबर २०२२ मध्यें, नागपूरच्याच अधिवेशनांत उपमुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांनीं जुनी निवृत्तिवेतन योजना दिल्यास तिजोरीवर १ लाख १० हजार कोटींचा भार पडेल, सबब ती देतां येणार नाहीं, असें सांगितलें होतें. प्रचारांत हा सूर पुष्कळ मऊ करण्यांत आला. परंतु पहिलें वाक्य लोकांच्या कानांतून गेलें नाहीं. २ फेब्रुवारीला मोजणी झाली, तेव्हां श्री. अडबाले यांस गाणारांच्या जवळजवळ दुप्पट मतें पडलेलीं दिसलीं.

हा निकाल पाहून ‘शिक्षकांनीं सरकार पाडलें’ असें बोलणारे लोक निघालेच. तेवढें त्याचें वजन नाहीं, आणि त्याचीं कारणें आहेत. त्याच दिवशीं कोंकण शिक्षक मतदारसंघांतहि मतदान झालें. तेथल्या शिक्षकांना निवृत्तिवेतन नको होतें असें नाहीं. तरी तेथें भारतीय जनता पक्षाचे श्री. ज्ञानेश्वर म्हात्रे यांनीं शेतकरी कामगार पक्षाचे त्या वेळचे आमदार श्री. बाळाराम पाटील यांचा पराभव केला. म्हणजे एकाच नाराजीनें एका ठिकाणीं सत्तारूढ पक्षाचा पाठिंबा असलेला उमेदवार पडला, दुसऱ्या ठिकाणीं विरोधी पक्षाचा. मला असें वाटतें कीं, या निवडणुकांत शिक्षक पक्षापेक्षां जागेवर असलेल्या माणसास जाब विचारतो: सहा वर्षांत आमचें काय केलेंत? शिवाय संघटनांचें बळ पाहिलें पाहिजे. विदर्भ माध्यमिक शिक्षक संघ हा जुना संघ. गांवोगांवच्या हायस्कुलांत त्याचे सभासद आहेत, आणि नमुना १९ चे अर्ज भरून घेण्याचें काम असे संघच करतात. नाराजी ही दारू असेल, तर संघटना ही बंदूक. नुसत्या दारूनें निशाण साधत नाहीं.

शेजारचा दाखला पदवीधरांचा. १९८९ पासून पंचवीस वर्षें श्री. नितीन गडकरी यांच्याकडे असलेली, व त्यांच्यामागून त्यांच्याच पक्षाकडे राहिलेली नागपूर पदवीधर जागा डिसेंबर २०२० मध्यें काँग्रेसचे श्री. अभिजित वंजारी यांनीं जिंकली. त्या यादींत पदवीधर शिक्षक पुष्कळ. प्राथमिक गुरुजींचा हात त्यांत कितपत होता हें गुप्त मतदानामुळें कोणासहि सांगतां येणार नाहीं, पण होताच नाहीं असें म्हणणेंहि धाडसाचें होईल.

मोठ्या मतदारसंघांत गेलों म्हणजे हा रंग पाण्यांत मिसळून फिका होतो. समुद्रपूर तालुका हिंगणघाट विधानसभा मतदारसंघांत व वर्धा लोकसभा मतदारसंघांत येतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकींत वर्ध्यांत भारतीय जनता पक्षाचे श्री. रामदास तडस यांचा पराभव होऊन राष्ट्रवादीच्या शरद पवार पक्षाचे श्री. अमर काळे निवडून आले. तेव्हां शिक्षक-कर्मचाऱ्यांचा राग हें एक कारण म्हणून सांगण्यांत आलें. पण कापूस-सोयाबीनचे भाव, राज्यघटनेसंबंधींची धास्ती, जातीपातीचीं गणितें हीं कारणें त्याहून मोठीं होतीं. पुढें सहा महिन्यांनीं, म्हणजे शिक्षकदिनाचा तो शासननिर्णय व २५ सप्टेंबरचे मोर्चे ताजे असतांनाच, विधानसभेच्या निवडणुका झाल्या, आणि वर्धा जिल्ह्यांतल्या चारहि जागा भारतीय जनता पक्षानें जिंकल्या. हिंगणघाटांत श्री. समीर कुणावार २०१४ व २०१९ प्रमाणें तिसऱ्यांदा निवडून आले; आणि वर्ध्याचे आमदार श्री. पंकज भोयर डिसेंबरमध्यें राज्यमंत्री झाले, त्यांच्याकडे आलेल्या खात्यांत शालेय शिक्षणहि होतें.

बाहेरचा अनुभवहि असाच दुहेरी आहे. हिमाचल प्रदेशांत २०२२ सालीं जुनी योजना परत देण्याचें आश्वासन देऊन काँग्रेस सत्तेवर आली. तेथें लोकसंख्येच्या मानानें सरकारी नोकर पुष्कळ. उलट राजस्थान व छत्तीसगड येथील काँग्रेस सरकारांनीं २०२२ सालीं जुनी योजना प्रत्यक्ष सुरू केली, आणि २०२३ च्या अखेरीस दोन्ही सरकारें गेलीं. आपल्याकडे १९७७ च्या डिसेंबरांत सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप संपतो न संपतो तोंच विधानसभेची निवडणूक आली. राज्यांत सत्तारूढ काँग्रेसचें बहुमत गेलें. पण विदर्भानें मात्र आपला कौल इंदिरा काँग्रेसला दिला. संपांत होरपळलेले मास्तर विदर्भांतहि होतेच.

‘टपाली मतें पाहा, म्हणजे शिक्षकांचा कल कळेल’ असें मोजणीच्या दिवशीं नेहमीं ऐकूं येतें. तेंहि जपूनच घ्यावें. निवडणुकीच्या कामावर असलेल्या शिक्षकास दोन मार्ग असतात. आपल्याच मतदारसंघांत काम असेल तर प्रमाणपत्र दाखवून नेमलेल्या केंद्रावर यंत्रानें मत देतां येतें, नाहींतर टपाली मतपत्रिका घेऊन सुविधा केंद्रांत मत द्यावें लागतें. म्हणजे शिक्षकांचीं पुष्कळ मतें यंत्रांत मिसळून जातात. आणि टपाली गठ्ठ्यांत सैनिक, पोलीस, इतर कर्मचारी, तसेंच २०२४ पासून पंचाऐशीं वर्षांवरील घरबसल्या मत देणारे वृद्ध, हे सारे असतात. सकाळीं आठ वाजतां हा गठ्ठा प्रथम मोजतात, म्हणून त्याची बातमी होते, एवढेंच.

आणखी एक बदल मला महत्त्वाचा वाटतो. शिक्षकाचें स्वतःचें मत एकच. पण पूर्वीं त्याच्या शब्दाखातर गांवचीं पन्नास मतें इकडचीं तिकडे होत. तो गांवांत राही, पत्रें लिहून देई, सातबारा वाचून सांगे. आतां तो सकाळीं जामच्या चौरस्त्यावरून येतो व सायंकाळीं त्याच रस्त्यानें परत जातो. मुख्यालयीं राहण्याचा नियम आहे, घरभाड्याचा वादहि आहे. पण मुलांच्या शिक्षणासाठीं शिक्षकच शहरांत राहतो, हें कोणास ठाऊक नाहीं? ज्या शेतकऱ्याला कोणतेंच निवृत्तिवेतन नाहीं, त्याला गुरुजींच्या निवृत्तिवेतनाचें दुःख आपोआप कळावें ही अपेक्षा फार मोठी आहे. शिक्षकांचा राग गांवच्या मतांत उतरत नाहीं, याचें हें कारण मी पहिलें मानतों. पट कमी झाला म्हणून शिक्षक जातो, तेव्हां मात्र गांव त्याच्या बाजूनें उभें राहूं शकतें, कारण तेथें मुलें गांवचीं असतात.

मग या नाराजीचा उपयोगच झाला नाहीं काय? झाला, पण सरकार बदलण्यांत नव्हे, धोरण वांकविण्यांत. नागपूरच्या निकालानंतर सहा आठवड्यांत, १४ मार्च २०२३ पासून, राज्य कर्मचारी व शिक्षक संपावर गेले; २० मार्चला संप मिटला, आणि निवृत्तिवेतनाचा विचार करण्यासाठीं समिति नेमली गेली. २०२४ सालीं, १ नोव्हेंबर २००५ पूर्वींच्या जाहिरातीवरून नेमल्या गेलेल्या पण नंतर रुजू झालेल्या कर्मचाऱ्यांस जुनी योजना निवडण्याची मुभा मिळाली. शेवटच्या पगाराच्या निम्म्या रकमेची व तिच्यावरील महागाईची हमी देणारी सुधारित योजनाहि राज्यानें जाहीर केली. केंद्र सरकारनेंहि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें हमीच्या निवृत्तिवेतनाची नवी योजना जाहीर करून ती १ एप्रिल २०२५ पासून लागू केली. जें ‘शक्यच नाहीं’ म्हणून सांगितलें होतें, त्याच्या बऱ्याच जवळ सरकारें स्वतःच्या पायांनीं चालत आलीं. सहा जिल्ह्यांतील कांहीं हजार मतपत्रिकांचा त्यांत वांटा आहे, असें मानण्यास हरकत नसावी.

परिषदेच्या शिक्षक-आमदाराची मुदत सहा वर्षांची असते. नागपूरची पुढली निवडणूक येईल त्यापूर्वींच्या १ नोव्हेंबरचा हिशेब धरून यादी पुन्हां कोऱ्या कागदावरून सुरू होईल. नंदोरीच्या बाजूस जाणारा शिक्षक मुख्याध्यापकाचा दाखला जोडून आपला अर्ज भरील. गिरडच्या बाजूस जाणाऱ्यास त्या यादींत जागा नाहीं. मतदानाच्या दिवशीं जांभळ्या शाईचें पेन मतदाराच्या हातीं देण्याच्या कामावर मात्र त्याला बोलावणें येईल.